रेशमाच्या किड्याची चटणी

भाड्याने खोली घेताना माणूस पाण्याचं विचारतो, लाइटच्या मीटरचं विचारतो, गाडी कुठे लावायची ते विचारतो. गच्चीवर काय वाळत घालता, असं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पाटोद्याला ज्युनिअर कॉलेजवर गणित शिकवायला आले आणि त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांच्या घरी वरची खोली घेतली. एवढंच काय ते पाप.

दुसऱ्या दिवशी धुणं वाळत घालायला गच्चीवर गेले, तर जुन्या धोतरावर काहीतरी तपकिरी पसरलेलं. भुईमुगाच्या दाण्याएवढं, चकचकीत, एका टोकाला निमुळतं. मला वाटलं, कसल्या तरी खारवलेल्या बिया असतील. दोन उचलून तोंडाशी नेल्या, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून आवाज आला, "मॅडम, थांबा. आधी ऐका, मग खायचं तर खा."

टाकीच्या सावलीत सर मांडी घालून बसले होते. हातात ब्लेड, पुढ्यात पांढऱ्या कोषांची पाटी. एकेक कोष कापायचा, आतली अळी, म्हणजे शास्त्रात प्यूपा, झटकून बाहेर काढायची, असं त्यांचं चाललेलं. त्यांची गावाबाहेर थोडी तुती होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाचे किडे होते. आमच्याकडे आता बऱ्याच जणांनी तुती लावलीय, त्यात नवल नाही. चांगले कोष सर बाजारात विकत. डागाळलेले, जोडकोष, कुणी घेत नाही असले घरी आणत आणि आतली अळी उकळून, वाळवून, तव्यावर भाजून खात. हे सगळं त्यांनी मला शांतपणे, पाठ घ्यावा तसं सांगितलं आणि मी ते दोन किडे तळहातावर घेऊन शेवटपर्यंत ऐकलं. मग खाली येऊन अर्धा साबण हातावर झिजवला. माझं माहेर असं, की अंडं शिजताना मी पहिल्यांदा पाहिलं ते लग्नानंतर.

पण रात्री नवऱ्याला फोनवर सांगताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दुसरा कुणी असता तर गंमत बघत बसला असता. खाऊन झाल्यावर सांगितलं असतं आणि गावभर हसू केलं असतं. सरांनी मला खाऊ दिलं नाही. न सांगता कुणाच्या पोटात काही घालणं म्हणजे चोरीच, असं ते म्हणत. "माणसाला कळलं पाहिजे आपण काय खातोय. मग तो नको म्हणाला तर नको. विषय संपला."

विषय संपला असं म्हणायचे, पण विषय संपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत सगळे डबे उघडायचे, सर एक स्टीलची डबी उघडायचे. कुणी नाक मुरडलं की झालं. "जीभ न्हाई नको म्हणत, डोळे नको म्हणतेत. डोळे झाकून शेंगदाणा आन हे, दोन्ही खाऊन बगा." आमच्यात एक इंग्रजीचे सर होते, मासळीचे शौकीन. दर आठवडी बाजारात सुकट घ्यायचे. त्यांना सरांनी एकदा सुकटीचा एक झिंगा टेबलावर ठेवून पाय मोजायला लावले. "किती झाले? दहा? आन वरून मिशा. ह्याला डोकं हाय, कवच हाय, टरफल हाय, हे तुमी भाकरीसंगं चावून खाता. आमच्या अळीला पायबी धड न्हाईत अन् तुमी आम्हाला किळस दाखविता." इंग्रजीचे सर महिनाभर सुकटीला शिवले नाहीत. त्यांच्या बायकोने मात्र सरांना मनापासून दुवा दिला, घरातला वास गेला म्हणून.

बरं, नुसतं बोलणं नव्हतं, माणूस अभ्यासू होता. मला आकड्यांची सवय, म्हणून मी खोदून विचारायचे. वाळवलेल्या अळीत निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं, उरलेल्यात बरीचशी चरबी, तीही वाईट नाही. लोह, जस्त वगैरे वेगळं. बकरं वाढवायला चारा किती, पाणी किती, आणि हे किडे कशावर वाढतात, तर पाल्यावर. "आपल्याकडं पाण्याची बोंब. टँकर येतो तवा लोक घागरीवरून डोकी फोडतेत. त्या गावात कमी पाण्यात वाढणारं प्रथिन कुणाला नको?" असं विचारून ते असे बघायचे, की जणू मीच नको म्हणाले होते. शेतातले नाकतोडे, टोळ मात्र कुणाला खाऊ द्यायचे नाहीत. कपाशीवर, सोयाबीनवर काय काय फवारलेलं असतं, ते त्या किड्यात असणार. आणि झिंगा ज्याला सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, त्याने यांच्या वाटेला जायचं नाही, हेही ते आधीच सांगायचे. दुकानदारासारखी फक्त चांगली बाजू सांगणं त्यांना जमायचं नाही. म्हणूनच त्यांचा माल कधी खपला नाही.

एकदा मी म्हटलं, "सर, पण जीव मारायचा तो मारायचाच ना?" ते माझ्या साडीकडे बघत म्हणाले, "लग्नातला शालू रेशमी होता का मॅडम?" होता. "मग तो नेसताना कोषातला किडा कुठं गेला, इचारलं होतं का कुणाला? उकळत्या पाण्यात गेला. आमी म्हणतो, मेलाच हाय तर फेकू नका." त्या दिवसापासून तो शालू मी नेसते, पण नेसताना सरांची आठवण येते आणि चिडचिड होते.

किड्यांसाठी त्यांनी स्वतःची जी काही दशा करून घेतली होती, ती बघण्यासारखी होती. रेशमाच्या किड्यांना वास चालत नाही. म्हणून सर पावडर लावत नसत, अत्तर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. तंबाखू सोडली ती डॉक्टरच्या धाकाने नाही, किड्यांच्या प्रेमाने. शेडमध्ये जायचं तर चपला बाहेर, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, हात धुवायचे. मी एकदा मोगऱ्याचा गजरा घालून शेड बघायला गेले तर दारातच अडवलं. "गजरा सायकलला बांधा मॅडम. लेकरांना तरास होतो." तासाची घंटा झाली की हा माणूस सायकल हाणत पाला टाकायला पळायचा आणि पुढच्या तासाला घामाघूम होऊन फळ्यापुढे उभा. प्राचार्य काही बोलले की म्हणायचे, "साहेब, त्यांना भुकेची सुट्टी देता येत न्हाई."

बायको लवकर गेलेली, मुलगी पुण्यात नोकरीला. घरात सर आणि त्यांची म्हातारी आई. मी आजी म्हणायचे. आजी काटक, कमी बोलणाऱ्या. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा त्या लहान पोर होत्या. सर सकाळी निघताना आईच्या पाया पडायचे नाहीत, दोघंही एकमेकांना "जय भीम" म्हणायचे, एकाच ऑफिसात असल्यासारखं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

आता आनंदनगरीचं सांगते. आमच्याकडे शाळेत आणि कॉलेजात मिळून दरवर्षी आनंदनगरी भरते. पोरं घरून काहीबाही करून आणतात, भेळ, इडली, गुलाबजाम, आणि मैदानात दुकानं मांडून विकतात. आईबाप येतात, गाव लोटतं. त्या वर्षी सरांनीही टेबल मांडलं. वर पुठ्ठा, "रेशमाच्या किड्याची चटणी. विचारून खा." फुकट होती. लोक यायचे, पुठ्ठा वाचायचे, सरांचं अर्धं भाषण ऐकायचे आणि भेळेकडे सरकायचे. आमच्या गल्लीत समोरच किराणा दुकान आहे, त्या दुकानवाल्या काकू नातवाला घेऊन आल्या होत्या. नातवाने हात पुढे केला तसा काकूंनी मागे ओढला. रागाने नाही, विस्तवापासून ओढावा तसा. अकरावीच्या दोन पोरांनी पैज लावून खाल्ली आणि आणखी मागितली. सर खूश. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, अगदी हळू, सवयीने, "यांच्यात चालतंच की हे."

मी सरांच्या शेजारीच उभी होते. कोण बोललं ते दिसलं नाही. मी तोंडाची फटकळ, मागे वळून विचारणार होते कोण रे तो, पण सरांनी माझा पदर ओढल्यासारखा हात केला. मग ते पुन्हा प्रथिनांवर बोलायला लागले. आवाज तोच, शब्द तेच. फक्त वाऱ्याने पुठ्ठा पालथा पडला, तो त्यांनी सरळ केला नाही.

गावात बातमीला पाय लागतात. संध्याकाळी आम्ही घरी पोचायच्या आत ती आजींकडे पोचली होती. आजींनी सरांना पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"महा बाप मिटिंगीला गेलता," त्या म्हणाल्या. "तिथून आला आन म्हनला, आजपून मेल्या ढोराचं मटन घरात येणार न्हाई. न्हाई आलं. आमी उपाशी निजलो, पाणी पिऊन निजलो, पर खाल्लं न्हाई. कावून? तर लोकांनी म्हनू नये, हे कायबी खातेत. त्याच्यावर तू मास्तर झालास. आन आता बाजार मांडून दाखवितूस, बगा, आमी किडे खातो म्हून?"

"माय, ते भुकेपायी खायाचं. हे समजून खायाचं."

"बगणाऱ्याला काय फरक दिसतूय?"

स्टाफरूममध्ये कुणापुढे न हरणारा माणूस उठून गच्चीवर गेला आणि अंधारातच वाळवण आवरायला लागला. दुसऱ्या दिवशी गच्चीवरचं धोतर गेलं. किडे, ब्लेड, तवा सगळं शेडवर गेलं. घरात यातलं काही आणणार नाही, असा शब्द सरांनी आईला दिला आणि पाळला. स्टाफरूममधली डबीही बंद झाली. आम्ही सगळे सुटलो म्हणालो, पण मधली सुट्टी एकदम अळणी झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आजी न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. बीडला नेऊन ऑपरेशन केलं, घरी आणलं. हाड डॉक्टरांनी बसवलं, पण पोटात काही जाईना. दूध सोसत नव्हतं, अंड्याच्या वासाने उमळून यायचं, डाळीने पोट फुगायचं. दवाखान्याने पावडरचा डबा दिला, तो एक घोट घेऊन त्यांनी तोंडच फिरवलं. भाकरी, पाण्यात कालवलेलं तिखट आणि कारळाची चटणी, एवढ्यावर बाई जगत होती. मांड्या काठीसारख्या झालेल्या. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अंगात प्रथिन गेलं नाही तर जखम लवकर भरणार नाही, मांस झडत जाईल, आणि असं बराच काळ पडून राहिल्या तर पुन्हा उभ्या राहणार नाहीत.

आजींना मरणाची भीती नव्हती. त्यांना भांड्याची लाज होती. संडासचं भांडं मी नाही तर कामवाली द्यायची, आणि दर वेळी आजी तोंडावर पदर घ्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पोरी, जलमभर दुसऱ्याची घाण काढली. आपली दुसऱ्याला काढू द्यायची, हे न्हाई सोसत." मला रडू आलं. मी वर जाऊन भरपूर रडले.

मग मीच सरांना म्हटलं, "कारळाच्या चटणीत घाला की. तीही काळी, हेही काळपट. लसूण जरा जास्त टाका, वास मरेल. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"न्हाई," सर म्हणाले.

"आई आहे तुमची. तत्त्व शिजवून घालणार आहात का तिला?"

त्यांनी सोयाबीनचं पीठ करून बघितलं, शेंगदाण्याचा कूट करून बघितला. आजी दोन घास घेऊन ताट सारायच्या. सरांचा चेहरा त्या दिवसांत बघवत नव्हता. पाला टाकायला जाताना सायकल हाणायचेही नाहीत, हातात धरून चालत जायचे.

एका रविवारी दुपारी मी वाटीभर आमटी घेऊन खाली आले, तर स्वयंपाकघराचं दार आतून लावलेलं. आतून खलबत्त्याचा आवाज. मी दार वाजवलं. सरांनी फटीतून बघितलं, मला आत घेतलं आणि पुन्हा कडी घातली. खलात कारळ होतं, लसूण होता, आणि शेडवरून आणलेली भाजकी अळी होती.

"तुमचं ऐकलं मॅडम," ते पुटपुटले.

बाहेरच्या खोलीतून आजींचा आवाज आला. "काय कुटितूस रं?"

"चटणी, माय."

"मंग दार कावून लावलं?"

मीच पुढे झाले, "आजी, मिरचीचा ठसका उठतोय ना, म्हणून."

"ठसका उठल्यावर दार उघडत्यात गं. लावीत न्हाईत."

सर उठले. मग खल दोन्ही हातांनी उचलला, पायाने दार ढकलायला गेले, कडी लागलेली, ती मी काढली. ते जाऊन आईच्या बाजेशेजारी खाली बसले. खल मांडीवर. आणि मला गच्चीवर सांगितलं होतं तसं, सगळं, काही न लपवता सांगितलं. शब्द मोडल्याचंही सांगितलं. न सांगता चारणार होतो, हेही सांगितलं.

आजींनी खलात बघितलं. मग विचारलं, "ह्याच्यानं मी उठन का?"

मी मनात म्हणत होते, हो म्हणा. एक शब्द तर आहे.

"उठशील म्हून न्हाई सांगत," सर म्हणाले. "अंगाला लागंल, येवढं सांगतो. बाकी डॉक्टरचा व्यायाम तुला करावाच लागंल."

(उठल्या पुढे. बरेच दिवस लागले, पण वॉकर धरून स्वतःच्या पायाने संडासला जायला लागल्या. मी सरांना म्हटलं, आता तरी किड्यांचं नाव घ्या. तर म्हणे, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आणि जेवण एकूणच वाढलं होतं. असल्या माणसाचं करायचं तरी काय?)

पण त्या दुपारी आजींचं लक्ष दुसरीकडेच होतं. "मंग दार कावून लावलंस?" त्यांनी पुन्हा विचारलं. "ढोराचं मटन असलं की मही माय दार लावायची, ते मला समजतंय. वाटंनं कुणी चाललं की ती ताटावर पदर टाकायची. आमी खाली मान घालून, आवाज न करता चावायचो. लेकरं होतो, चावायचा आवाज यायचा, मंग मार खायाचो. तिला लाज होती. तुला कसली लाज हाय? मैदानात टेबल मांडून बसलास आन मह्या घरात कडी घातलीस?"

सरांनी खल मांडीवरून खाली ठेवला.

"मी तवा चिडले," आजी म्हणाल्या. "पर तू तिथं उघड्यावर उभा व्हतास. ते बरं व्हतं. हे बरं न्हाई. दार लावून मला मटनबी नको आन औषधबी नको."

"मंग नको का, माय?"

"नको कुठं म्हनले? मला भाईर न्या."

आम्हाला कळेना. मग कळलं. सरांनी आणि मी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं, ऑपरेशनचा पाय जपत, खुर्ची उचलून ओट्यावर नेली. भर दुपार, पण गल्ली जागी होती. रविवारचा बाजार करून माणसं परतत होती. आजींनी पदर डोक्यावर नीट घेतला, ताट मांडीवर घेतलं, भाकरी मोडली, खलातली चटणी हाताने काढून घेतली आणि खायला लागल्या. सावकाश, एकेक घास चावून.

समोरच्या किराणा दुकानातून काकू बाहेर आल्या. "अगं बाई, आजी! बाहेर आलात? जेवण चाललंय का?"

"हां. चाललंय."

"काय केलंय?"

"भाकर," आजी म्हणाल्या, "आन किडे."

काकू रस्त्यात थांबल्या. त्यांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गल्लीतली आणखी दोन माणसं पिशव्या घेऊन उभी राहिली.

"त्यांच्याकडं काय बगतीस?" आजी म्हणाल्या. "खातीय मी. मला इचार."

काकूंनी पदर सावरला. "कसं... कसं लागतंय?"

"तिखट जादा झालंय. बाकी बरं हाय."

सर दारात उंबऱ्यावर बसले होते आणि रडत होते. शर्टाच्या बाहीने तोंड पुसायचे आणि पुन्हा रडायचे, सगळ्यांना दिसेल असे. आजींनी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. काकू ओट्याच्या पायरीशी आल्या. इतकी वर्षं समोरासमोर दार, पण ही पायरी त्या चढल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. चपला काढाव्यात की नाही, अशा उभ्या होत्या. मग काढल्या.

"खाच म्हनत न्हाई," आजी त्यांना म्हणाल्या. "बस. महं जेवण हुईस्तवर बस."

काकू बसल्या. आजींनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.